रस्त्याचा मध्य

आमच्या ओट्याला नंबर होता. घराला नव्हता, ओट्याला होता. लाल ऑइलपेंटने काढलेला ४७, त्याच्याशेजारी घराच्या आत रोखलेला बाण आणि बाणाच्या टोकाशी ३.२०. अर्थ असा, की इथून तीन मीटर वीस सेंटिमीटर आत या, रस्ता तिथपर्यंत आहे. प्रत्यक्षात तिथे अण्णांची आरामखुर्ची होती आणि खुर्चीत बहुतेक वेळा अण्णा. पण नकाशावर तिथून ट्रक जात होते.

पहिल्या दिवाळीला रंगारी आला तेव्हा त्याने विचारलं, “नंबरचं काय करू?”

अण्णा म्हणाले, “राहू दे. सरकारी आहे.”

मग त्याने नंबराभोवती चौकोन सोडून बाकीची भिंत पिस्ता केली. पुढे ती गुलाबी झाली, मग मोतिया, मग पेंटच्या दुकानदाराने गळ्यात मारलेली जांभळट. चौकोनात मात्र जुना चुना आणि त्यावर ४७ तसाच. दर रंगाचा थर चढत गेला तसा तो चौकोन खोल दिसू लागला. पाहुणे आले की त्यांना तो दाखवायचा, हा आमच्याकडचा शिरस्ता. सोयरिकीच्या बोलण्यात तर त्याला मानाची जागा होती. “रोडटच घर आहे,” असं म्हणताना अण्णा नकळत ४७ कडे हात करत. घर रस्त्याला लागून आहे हे भूषण आणि रस्ता घराला लागणार आहे ही धास्ती. दोन्ही एकाच बोटाने दाखवता येत.

आमचं गाव पुण्याच्या पूर्वेला, सासवड रस्त्यावर. गाव म्हणायचं ते सवयीने. २०१७ साली महापालिकेने भोवतालची अकरा गावं पोटात घेतली आणि त्यातली आमच्या बाजूची दोन पुढे पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. इकडचा माणूस जागचा न हलता खेड्यातून शहरात जातो आणि शहरातून परत येतो. घरपट्टीची पावती तेवढी वेगळ्या रंगाची मिळते. शहर वाढतं म्हणजे कडेला वाढतं, आणि कडेला जो आधीपासून बसलेला असतो त्याला ‘सरका जरा’ म्हणतं, एस.टी.त चौथ्या सीटसाठी म्हणतात तसं.

रस्ता रुंद होणार ही बातमी आमच्याकडे दोन पोरं घेऊन आली. चिंचेखाली प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसली आणि कागदावर उभ्या रेघा मारू लागली. चार उभ्या, पाचवी आडवी. वाहनांची शिरगणती. सात दिवस, चोवीस तास, पाळ्या लावून. समोर तात्यांचं चहाचं हॉटेल, त्यामुळे पोरांची सोय झाली आणि तात्यांना आतली बातमी मिळू लागली. तिसऱ्या दिवशी तात्या रस्ता ओलांडून आमच्या ओट्यावर आले ते डोळे मोठे करूनच.

“एका बैलगाडीच्या आठ मोटारी धरतात!”

अण्णांना हे पटेना. ते स्वतः जाऊन पोरांना विचारून आले. खरंच होतं. रस्ते बांधणाऱ्यांच्या हिशेबात सगळी वाहनं मोटारीच्या मापाने मोजतात. मोटार म्हणजे एक, स्कूटर अर्धी, सायकलही अर्धी, ट्रक-बस तीन, हातगाडी तीन, घोडागाडी चार आणि मोठी बैलगाडी आठ. छोटी असली तर सहावर भागतं. जो जितका रस्ता अडवतो तितकं त्याचं वजन जास्त. समाजातही साधारण हेच चालतं, पण ते कागदावर आकड्यात पाहिल्याने अण्णा हरखून गेले. गावात तेव्हा एकच बैलगाडी उरली होती. ती शेणखत घेऊन सकाळी जाई आणि दुपारी रिकामी परत येई. म्हणजे रोजच्या सोळा मोटारी. गाडीवाल्याला चौकात बोलावून, “तुझ्यामुळे आमचा ओटा जातोय,” असं सांगण्यात आलं. तो बिचारा आठवडाभर ओढ्याच्या वाटेने गेला.

अण्णांनी पोरांना आणखी एक विचारलं. “वारीच्या दिवसात दिंडीला काय धरता?”

पोरांनी तक्ता उलटापालटा केला. वारकऱ्याचा रकाना नव्हता. शिवाय, पोरं म्हणाली, जत्राबित्रा असली की मोजायचं नसतं. नेहमीचे दिवस धरायचे. ज्ञानोबांची पालखी दरवर्षी ज्येष्ठ वद्य एकादशीला आमच्या दारावरून दिवे घाटाकडे जाते. हा रस्ता रस्ता झाला तो माणसं चालून चालून. वर्षातून एकदा तो ज्या कामासाठी काठोकाठ भरतो, तो दिवस हिशेबातून वजा. अण्णा परत येऊन खुर्चीत बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरोबरे. वारी कुठं अडवते कुणाला.” मला हे तितकंसं पटलेलं नाही, वारीच्या दिवशी हडपसरला अडकलेल्या माणसाला विचारून बघा.

पुढे सरकारलाच वारकऱ्याची आठवण झाली, हे सांगायला हवं. २०२१ च्या नोव्हेंबरात पालखी मार्गांच्या रुंदीकरणाची कोनशिला बसली. ज्ञानोबांच्या मार्गाला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९६५, तुकोबांच्या मार्गाला ९६५ जी. कडेने वारकऱ्यांना चालायला वेगळी वाट आखली. ‘जी’ कशासाठी, यावर तात्यांच्या हॉटेलात पुष्कळ चर्चा झाली. तुकोबांना आदराने ‘जी’ लावलंय, असं एका माळकऱ्याचं मत पडलं आणि ते सर्वांना इतकं आवडलं की खरं उत्तर कुणी शोधलं नाही.

मग मोजणी आली.

रस्ता रुंद करायचा तर दोन्हीकडे सारखा, मध्यापासून पंधरा-पंधरा मीटर. ऐकायला किती न्यायाचं वाटतं. पण तिवईवरच्या यंत्राला डोळा लावून उभ्या असलेल्या त्या तरुण साहेबाने आपल्या मदतनिसाला सहज विचारलं, “मध्य कुठला धरलाय?” आणि उत्तर द्यायला निम्मं गाव पुढे सरसावलं.

मी तोवर समजत होतो की मध्य ही भूमितीतली गोष्ट आहे. ती वंशपरंपरागत असते हे त्या दिवशी कळलं. आमच्या बाजूचं म्हणणं, मूळ रस्ता बराच पलीकडे होता. तिकडे ओढा, दर पावसाळ्यात ती कड खचायची आणि दर डांबरीकरणात ठेकेदार वीतभर आमच्याकडे सरकायचा. तेव्हा आत्ताच्या डांबराचा मध्य हा मध्य नव्हेच. तात्यांच्या बाजूचं म्हणणं, डोळ्यांना दिसतं ते डांबर, त्याचं निम्मं ते निम्मं; पणजोबाच्या रस्त्याचा मध्य काढायचा तर पणजोबाला बोलवा. एका म्हाताऱ्याने आपल्या लहानपणी रस्ता मारुतीच्या मागून जात होता अशी साक्ष काढली. त्या हिशेबाने दोन्ही बाजूंची घरं वाचत होती आणि मारुती बरोबर दुभाजकावर येत होता. दोन्ही पक्षांनी त्याला गप्प केलं.

साहेब शांतपणे ऐकत होता. त्याने एवढंच सांगितलं, की आमच्यासमोर रस्त्याला जे वळण आहे ते नव्या आखणीत काढायचंय. त्यामुळे मध्य डांबराच्या मध्यावर पडतच नाही. तो पडतो आमच्या बाजूच्या मातीच्या साइडपट्टीत. तिथे त्याने बाभळीची, डोक्याला लाल रंग दिलेली खुंटी ठोकली आणि तो जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटी दोन फूट आमच्या घराकडे सरकलेली होती. तात्यांच्या हॉटेलात त्या दिवशी चहा जरा जास्तच आग्रहाने पाजला जात होता. अण्णांनी घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खुंटी पार डांबराच्या कडेला, तात्यांच्या दिशेने. मुळापासून अडीच फूट. अण्णांच्या सदऱ्याच्या बाहीला माती होती आणि ते आंघोळीच्या आधीच गीतेचा अध्याय वाचत बसले होते.

चौथ्या दिवशी खुंटी नव्हतीच. भोक होतं, त्यात पाणी ओतून कुणीतरी ते नीट बुजवलेलंही होतं.

साहेबाने यंत्र लावलं, दोन बटणं दाबली, मदतनिसाला “अजून जरा डावीकडे, हां,” म्हणाला आणि पहिल्याच जागी, केसाचाही फरक न करता, सिमेंटमध्ये लोखंडी सळई बसवली. वर म्हणाला, “काका, खुंटी सरकवून रस्ता सरकत नाही. आकडे मशीनमध्ये असतात.” हे त्याने पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर दोन म्हाताऱ्यांच्या रात्रीच्या झोपा वाचल्या असत्या.

आखणी हा शब्दच मोठा फसवा आहे. कागदावर पट्टी धरून ओढलेली रेघ आणि तीच रेघ कुणाच्या तरी न्हाणीघरातून गेलेली, यांच्यामध्ये वर्षं जातात, कधी पिढी जाते. पुण्याच्या १९८७ च्या विकास आराखड्यात शहराला आतून वेढा घालणारा एक उन्नत मार्ग दाखवलाय, सुमारे छत्तीस किलोमीटरचा. त्याची अक्षरं मोठी, एचसीएमटीआर. ती रेघ ज्यांच्या प्लॉटवर पडली त्यांची पोरं शिकली, परदेशी गेली, तिकडच्या आठपदरी रस्त्यांचे फोटो पाठवू लागली, आणि रेघ रेघच राहिली. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटरचा करायचं ठरलं. जमिनीचे भाव बघून तो ५० वर आला. सदऱ्याचं माप घेतलं आणि कापड महाग म्हणून बंडी शिवली. वर्तुळाकार रस्ता तर ११० मीटर रुंद. आईने हा आकडा पेपरात वाचला तेव्हा तिने चष्मा काढून विचारलं, “एवढा? मग पलीकडचा माणूस ओळखू कसा येणार?”

पलीकडचा माणूस ओळखू येणं, ही रस्त्याकडून करायची अपेक्षा आहे हे तिच्याआधी कुणाच्या डोक्यात आलं नसावं.

आमच्या काकूंचा प्लॉट मोठ्या रस्त्यात नव्हता. तो गावातल्या डीपी रोडमध्ये, म्हणजे विकास आराखड्यातल्या रस्त्यात गेला. साडेतीन गुंठे. त्याबदल्यात पैसे किंवा टीडीआर, असे दोन पर्याय आले. पैसे मिळायला वेळ लागेल म्हणाले, म्हणून भाच्याच्या सल्ल्याने काकूंनी टीडीआरला होकार दिला आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन मला हळूच विचारलं, “हा ठेवायचा कुठं? लॉकरला मावेल ना?” मी समजावून सांगितलं, की काकू, तुमची जमीन गेली तरी तिच्यावर बांधायचा जो हक्क होता तो सुटा करून तुम्हाला दिलाय, तो तुम्ही दुसऱ्याला विकायचा, तो दुसरा कुठेतरी आपल्या इमारतीवर त्यातून वरचे मजले चढवेल. काकू विचार करून म्हणाल्या, “म्हणजे माझ्या भेंडीच्या वाफ्यावर कुणीतरी आठव्या मजल्यावर राहणार.” यापेक्षा सोपी व्याख्या मी कुठल्याही नियमावलीत वाचलेली नाही.

रुंदीकरणाने गर्दी कमी होते का, हा प्रश्न गावात कुणी विचारला नाही. तो विचारायचा नसतो. अँथनी डाउन्स नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६२ साली तो विचारला आणि उत्तरही देऊन ठेवलं: मोठ्या शहरातला द्रुतगती रस्ता कितीही वाढवा, गर्दीच्या वेळी वाहनं वाढून वाढून त्याच्या ताकदीला भिडतातच. हे समजायला आमच्या घरी कुणाला अमेरिकेची गरज पडली नाही, कारण आमच्याकडे माळा आहे. आधी स्वयंपाकघरावर होता, तो भरला म्हणून पडवीवर काढला, तो भरला म्हणून जिन्याखाली. आईचा सिद्धांत असा, की सामानाला माळ्याचा वास येतो. जागा झाल्याचं त्याला कुठूनतरी कळतं. तरीही नवा माळा काढल्याच्या पहिल्या आठवड्यात घर जे मोकळं, ऐसपैस वाटतं, ते सुख खोटं नव्हे. नव्या रस्त्याचा पहिला आठवडाही तसाच असतो. तेवढ्यात फीत कापून घ्यायची असते.

आणि पाडायचंही सुख असतं. २०२२ च्या ऑक्टोबरात चांदणी चौकातला पूल सहाशे किलो स्फोटकं लावून पाडला, ते बघायला आम्ही रात्री एकपर्यंत टीव्हीपुढे जागे होतो. ज्या पुलाखाली तासन्‌तास अडकलो तो पडतानाही अडकूनच बसावं लागलं. धुरळा उठला, टाळ्या पडल्या, आणि धुरळा बसल्यावर दिसलं की पूल अर्धामुर्धा उभाच. राहिलेला पोकलेनने ओढून काढला. अण्णांना त्या पुलाबद्दल एकदम आदर वाटला. “जुनं काम,” म्हणाले. तो पूल काही फार जुना नव्हता, पण त्यांच्या डोक्यात तेव्हा ओटा होता.

ओटा जायला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं. अशा वेळी माणसाला काहीतरी करायला लागतं. पोकलेनचा ड्रायव्हर झारखंडचा, विशीतला, फार अदबीचा. त्याने आधी खुर्ची उचलून आत नेऊन ठेवली, मग आईला “माँजी, पीछे,” म्हणाला आणि दात लावले. ४७ चा चौकोन असलेला तुकडा अख्खाच्या अख्खा सुटून पडला. त्याच्या कडेला रंगांचे थर दिसत होते: चुना, पिस्ता, गुलाबी, मोतिया, जांभळट. बर्फीच्या वडीसारखे. अण्णांनी तो उचलायला सांगितला नाही आणि मलाही ते सुचलं नाही. संध्याकाळी डंपर भरून गेला तेव्हा सुचलं.

मागच्या अंगणात मात्र रस्त्याचे बरेच अवशेष जमा झालेत. चिंच तोडली तेव्हा तिच्याखालचा किलोमीटरचा दगड कुणी नेला नाही, तो आईने आणवून घेतला. ‘सासवड १२’. त्यावर ती कपडे धुते. बाराचा दोन आता झिजत आलाय. चिंचेचा एक ओंडका बसायला आहे. जुन्या मोरीच्या फरशीवर कुंड्या आहेत. तोंडल्याच्या वेलाला आधार म्हणून एक बाभळीची खुंटी आहे, लाल डोक्याची. मी हे सगळं कित्येक वर्षं बघतोय, बघून न बघितल्यासारखं.

नुकसानभरपाई मिळाली, घराला नवा दर्शनी भाग आला, आणि खरी अडचण मग सुरू झाली. ‘समोर’ हा शब्द बिघडला.

तात्यांचं हॉटेल आमच्या समोर होतं. ओट्यापासून चौदा पावलं. अण्णा खुर्चीतूनच दोन बोटं वर करत, तात्या मान हलवत, दोन कप येत. साखर किती, याची चौकशी चाळीस वर्षांत झाली नव्हती. पुरणपोळी झाली की आई ताटावर ताट झाकून चौदा पावलं जाई आणि त्याच ताटात काहीतरी घेऊन परत येई, कारण रिकामं ताट परत करायचं नसतं. आता हॉटेल समोरच आहे. दिसतंही. मध्ये डांबर, मग दुभाजक, त्यात कण्हेर, मग डांबर. जायचं तर डावीकडे निघायचं, पुढच्या कटवरून वळायचं आणि परत यायचं: दीड किलोमीटर. फोनवरचा नकाशा तात्यांकडे जायला चार मिनिटं दाखवतो, आणि गर्दी असली तर अकरा. ज्या ओट्याला पाडायला अकरा मिनिटं लागली तो नसल्यामुळे आता चहाला तेवढीच लागतात, हा हिशेब अण्णांनी मला तीन वेळा सांगितला.

तात्यांचा नातू सुरुवातीला किटली घेऊन दुभाजकावरून उडी मारायचा. एकदा टेम्पोने कच्चकन ब्रेक दाबला, तेव्हा तात्यांनीच त्याला मनाई केली. मग बोटांची खूण राहिली आणि चहा बंद झाला. अण्णा अजून कधीकधी दोन बोटं वर करतात. पलीकडून तात्याही करतात. आई पुरणपोळीचा फोटो पाठवते. तात्यांच्या सुनेचा अंगठा येतो.

मला रस्त्याचा राग नाही, हे सांगून टाकतो. रात्री दोनला अण्णांच्या छातीत दुखलं तेव्हा रुग्णवाहिका याच रस्त्याने सोळा मिनिटांत हडपसरला पोचली. जुन्या वळणाने ते जमलं नसतं. हे मी तात्यांना सांगितलं तर म्हणाले, “रस्ता चांगलाच आहे रे. फक्त लांबीनंच चांगला आहे.”

यंदाच्या एकादशीला पहाटेपासून वाहनं बंद केली. नवाच्या सुमाराला पहिल्या दिंड्या दिसू लागल्या आणि अर्ध्या तासात दोन्ही बाजूचं डांबर पताकांखाली दिसेनासं झालं. आम्ही दरवर्षी केळी आणि चहा वाटतो, तात्यांकडे शेंगदाण्याचे लाडू असतात. दोन्हीकडे गर्दी बघून आईनेच सुचवलं, की पातेली मधेच न्या. म्हणून यंदा पंगत दुभाजकावर. अण्णांना दोन्हीकडून धरून आणलं, तिकडून तात्या काठी टेकत आले. कण्हेरीच्या दोन झाडांमधल्या कठड्यावर दोघे शेजारी टेकले. चाळीस वर्षं समोरासमोर बसलेली माणसं शेजारी बसल्यावर जरा अवघडली. टाळांचा आवाज इतका, की बोलायला कानाशी तोंड न्यावं लागत होतं.

“सळई इथंच असेल,” तात्या काठीने खालचं काँक्रीट ठोकत म्हणाले. “आपल्या बुडाखाली.”

“असेल.”

“पहिल्या रात्री खुंटी मी सरकवली होती.”

“ठाऊक आहे,” अण्णा म्हणाले. “दुसऱ्या रात्री मी.”

“ते तर बाहीवरून दिसलं होतं.” तात्यांनी चहाचा घोट घेतला. मग कप तसाच धरून वळले. “पण तिसऱ्या रात्री तू उपटायला नको होतीस. चीटिंग झालं ते.”

“मी?” अण्णांनी कप खाली ठेवला. “मी समजत होतो, तू.”

दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मी आईकडे बघितलं. ती एका वारकरणीच्या ओंजळीत केळी घालत होती, पाठमोरी.

“चहा गार होतोय,” वळून न बघता ती म्हणाली.